गायरान पडीक नव्हे

गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर गायरानातील गट नंबर सौर वीज प्रकल्पास देण्याविषयीचा कागद लागला की, त्याच दिवशी सायंकाळी पारावर दोन पक्ष पडतात. ज्याच्या विहिरीवर मोटार आहे तो म्हणतो, “होऊ द्या, निदान दिवसा वीज तरी मिळेल.” जिच्या दावणीला चार शेळ्या आहेत ती विचारते, “मग आम्ही शेळ्या न्यायच्या कुठे?” ज्याचे वाडवडील त्या माळावर दोन एकर ज्वारी पेरीत आले आहेत, तो काहीच बोलत नाही. ज्याच्या नावाचा सातबारा नाही त्याने सभेत काय बोलावे, हा प्रश्न त्याच्यापुढे असतो.

ह्या तिघांचेही म्हणणे खरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिघांचे ऐकून घेण्याआधीच ठराव होतो, तेथे चूक होते. कन्नड तालुक्यातील व आसपासच्या ग्रामसेवकांनी, कृषी सहायकांनी आणि शेतकरी बंधूंनी ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेख लिहिला आहे.

दिवसाची वीज कशासाठी

प्रथम प्रकल्पाच्या बाजूने जे म्हणता येईल ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शेतीची वीज पाळीने येते आणि त्यांतील पुष्कळ पाळ्या रात्रीच्या असतात. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री उठून मका, कांदा किंवा आल्याला पाणी भरणे म्हणजे काय असते, हे कन्नडच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. सातमाळ्याच्या डोंगररांगेत गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. त्याच्या कडेच्या गावांत रात्री शिवारात उभ्या असलेल्या माणसाला विंचूकाट्याचीच नव्हे, तर बिबट्याचीही धास्ती असते. दिवसा वीज मिळाली तर हे भय टळेल, झोप मिळेल आणि मोटार सुरू करून निघून जाण्याची सवय सुटून पाण्याचीही बचत होईल.

हाच हेतू धरून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. ह्या योजनेत वीज उपकेंद्राच्या जवळपास छोटे सौर प्रकल्प उभारावयाचे आणि त्यांची वीज त्याच उपकेंद्रावरील कृषी वाहिन्यांना दिवसा द्यावयाची, अशी रचना आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील अशा पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले. त्यांची एकूण क्षमता १९ मेगावॅट होती. त्यांपैकी ३ मेगावॅटचा एक प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, शेजारच्या वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे आहे. म्हणजे ही गोष्ट आता दूरची राहिलेली नाही.

एक मेगावॅट क्षमतेसाठी साधारणतः चार ते पाच एकर जमीन लागते. मार्च २०२४ मध्ये ह्या योजनेखाली सुमारे ९,००० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पांना मंजुरीपत्रे देण्यात आली. मेगावॅटमागे पाच एकर धरले तरी ही जमीन ४५,००० एकरांच्या घरात जाते. एवढी जमीन कोठून यावयाची? खाजगी जमीन भाड्याने घेता येते. परंतु शासकीय जमीन नाममात्र दराने मिळत असल्याने पहिली नजर तिच्यावर जाते. आणि खेड्यात शासकीय जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान.

कागदावरील माळ आणि पायाखालचा माळ

येथे एका शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. दप्तरात ज्या जमिनीवर पीक नाही तिला पडीक म्हणतात. ऐकणाऱ्याची समजूत होते की, ती कोणाच्याही उपयोगाची नाही. वास्तविक गायरान ही गावात सर्वांत जास्त माणसांच्या उपयोगी पडणारी जमीन असते. शेतकऱ्याचा एक एकर एका कुटुंबाला पोसतो. गायरानाचा एक एकर मात्र कोणाच्या शेळीला, कोणाच्या बैलाला, कोणाच्या चुलीला आणि कोणाच्या छपराला थोडेथोडे देत असतो. त्याचे उत्पन्न कोणत्याही एका नावावर चढत नाही, म्हणून ते कोठेच चढत नाही.

कन्नड तालुक्यात ह्या जमिनीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. १९८६ साली गौताळ्याचा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि तेथे गुरे चारण्यावर निर्बंध आले. वनांचे रक्षण व्हावयास हवे, ह्यात वाद नाही. परंतु डोंगर बंद झाल्यावर पायथ्याच्या गावांतील, तांड्यांवरील व वस्त्यांवरील जनावरांना गावाच्या हद्दीतील माळ तेवढा उरला. तोही तारेच्या कुंपणात गेला, तर जनावर विकावे लागेल किंवा चारा विकत आणावा लागेल.

ह्याचा थोडा हिशेब मांडून पाहू. एका भूमिहीन कुटुंबाच्या दहा शेळ्या आहेत. दर शेळीस दिवसाला सुमारे एक किलो वाळलेला चारा लागतो, आणि वर्षातून अडीचशे दिवस ती चरून पोट भरते, असे धरा. माळ बंद होताच त्या कुटुंबाला वर्षाला २,५०० किलो, म्हणजे अडीच टन चारा विकत घ्यावा लागेल. मजुरीवर जगणाऱ्या बाईला ते परवडणार नाही. ती शेळ्या विकील. शेळी ही गरिबाची बँक आहे, असे आपण मेळाव्यांतून सांगतो. मग ती बँक कोणत्या ठरावाने बुडाली, ह्याचीही नोंद आपणच ठेवावयास हवी.

गायरानावर चरणाऱ्या जनावरांप्रमाणेच तेथे कसणारी माणसेही आहेत. मराठवाड्यात हा इतिहास जुना आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्यात पडीक सरकारी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे कराव्या, ही मागणी अग्रभागी होती. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची काही अतिक्रमणे भूमिहीनांच्या नावे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. अनेकांची प्रकरणे पुराव्याअभावी अडकून राहिली. अशा कुटुंबाच्या पिकात उद्या प्रकल्पाचे खांब उभे राहिले, तर त्याला अतिक्रमणदार म्हणून बाजूस सारणे कायद्याच्या दृष्टीने सोपे असेल. परंतु तीस-चाळीस वर्षे नांगरलेल्या जमिनीवरून माणूस कागदाच्या एका ओळीने उठत नाही. गावात जो तंटा पेटतो तो येथे.

स्वस्त जमिनीची किंमत कोण देतो

आता पैशाकडे वळू, कारण न्याय-अन्याय येथे आकड्यांत दिसतो.

सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी शेतकऱ्याने जमीन भाडेपट्ट्याने दिल्यास त्याला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये मिळावयाचे आहेत. शिवाय दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. ह्या दराने पंधरा एकरांचे भाडे वर्षाला साडेसात लाख रुपये होते. वाढ सोडून दिली तरी पंचवीस वर्षांत ही रक्कम पावणेदोन कोटींच्या पुढे जाते.

तेच पंधरा एकर गायरान दिले तर? जमीन नाममात्र दराने जाते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प आहे, तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे, एकूण १५ लाख रुपये अनुदान देण्याची तरतूद योजनेत आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण वीजखरेदीचा करार पंचवीस वर्षांचा असतो. १५ लाखांची पंचवीस वर्षांवर वाटणी केली तर वर्षाला ६०,००० रुपये पडतात. खाजगी मालकाच्या पंधरा एकरांना साडेसात लाख आणि गावाच्या पंधरा एकरांना साठ हजार, असा हा हिशेब आहे.

ह्यावर उत्तर दिले जाते की, जमीन स्वस्त मिळाल्यानेच वीज स्वस्त पडते आणि ती अखेर शेतकऱ्यालाच मिळते. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. स्वस्त वीज मिळते ती विहीर, बोअर आणि मोटार असणाऱ्याला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना तर एप्रिल २०२४ पासून वीज मोफत करण्यात आली आहे. जिच्याकडे मोटारच नाही, तिला त्या विजेतून काय मिळाले? माळ तिचा गेला आणि पाळी दुसऱ्याची सुधारली. बागायतदाराच्या दिवसाच्या विजेची किंमत शेळीवाल्या बाईने देणे ही गोष्ट गावाला शोभणारी नाही. बागायतदार बंधूंना ती मनातून पटणारही नाही. कारण तीच बाई त्यांच्या शेतात आले लावते, कापूस वेचते आणि मका मोडते.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. प्रकल्पाला सरसकट विरोध करू नये. परंतु गायरान द्यावयाचेच असेल, तर ज्यांचा माळ गेला त्यांना त्याचा मोबदला प्रकल्प चालू असेल तितकी वर्षे मिळाला पाहिजे. तीन वर्षांच्या अनुदानातून सभामंडपाला रंग देऊन हे देणे फिटत नाही.

घाटापलीकडचे व दक्षिणेकडचे धडे

कन्नडहून घाट उतरून चाळीसगावच्या पुढे गेले की धुळे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. त्याच जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात विखरण गावची हकीकत सर्वांच्या स्मरणात आहे. तेथे औष्णिक वीज प्रकल्पासाठी म्हणून सुरू झालेले भूसंपादन पुढे सौर प्रकल्पाकडे वळले. एका वयोवृद्ध शेतकऱ्याची सुमारे पाच एकर जमीन आंब्याच्या झाडांसह त्यात गेली आणि तिचा मोबदला चार लाखांच्या आसपास ठरला. शेजाऱ्यांना मिळालेल्या रकमांच्या मानाने तो फारच कमी आहे, अशी त्यांची तक्रार होती. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले व काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि मोबदला कितीतरी पटींनी वाढला. जो हिशेब माणूस गेल्यावर दुरुस्त होऊ शकला, तो आधी का होऊ शकला नाही, हा प्रश्न प्रत्येक पंचनामा लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावा. बांधावरची झाडे, विहीर, पाईपलाईन ह्यांची पहिल्याच दिवशी बिनचूक नोंद होणे किती अगत्याचे आहे, हे विखरणने शिकविले.

दुसरा धडा कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्याचा. पावगड ह्या दुष्काळी तालुक्यात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान झाले. तेथे जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेण्यात आली. एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ, असा दर होता. कोरडवाहू जमिनीच्या मालकांना बिनधोक उत्पन्न मिळाले. जमीनही त्यांच्या नावावर राहिली. ही पद्धत संपादनापेक्षा निःसंशय बरी. परंतु शेतीच बंद झाल्याने तिच्यावर मजुरी करणाऱ्यांचे काम गेले आणि कुंपणामुळे मेंढ्यांची चरण्याची जागा गेली. त्यांना भाडे कोण देणार? सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला भाडे मिळते, ज्याचे नाव नाही त्याला मिळत नाही. मोठ्या प्रकल्पाचे हे व्यंग दूर करण्याची तजवीज आधीच करावी लागते. मागाहून ती होत नाही.

छोटा प्रकल्प व मोठा प्रकल्प ह्यांतील आणखी एक भेद गावकऱ्यांनी ओळखावा. उपकेंद्राशेजारचा दोन-चार मेगावॅटचा प्रकल्प आपल्या परिसरातील मोटारींना वीज देतो. शेकडो एकरांवरील प्रकल्पाची वीज मात्र उच्च दाबाच्या तारांनी दूर जाते. त्या गावाला कुंपण दिसते, वीज दिसत नाही. म्हणून “आपल्या गावची कृषी वाहिनी ह्या प्रकल्पाच्या उपकेंद्रावर आहे काय?” हा प्रश्न महावितरणच्या अधिकाऱ्याला सभेत विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

भीती कोणती खरी, कोणती निराधार

लोकांच्या सर्वच शंका सारख्या वजनाच्या नसतात. सोलरच्या प्लेटांमुळे पाऊस पळतो, असे काही ठिकाणी बोलले जाते. वीसेक वर्षांपूर्वी पवनचक्क्यांविषयीही असेच बोलले जात असे. मान्सूनचे ढग शेकडो मैलांच्या वाऱ्यांनी येतात. गावच्या माळावरील काचांनी ते माघारी फिरत नाहीत. प्लेटांलगतची हवा काहीशी अधिक तापते हे खरे, पण तो परिणाम थोड्या अंतरावर विरून जातो. प्लेटांतून जनावरांना अपाय करणारे किरण निघतात, ह्यालाही आधार नाही. ग्रामसेवकाने ह्या गोष्टी हसण्यावारी न नेता समजावून सांगाव्या.

पण पुढील शंका खऱ्या आहेत. पहिली पाण्याची. प्लेटांवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून त्या धुवाव्या लागतात. आजच्या मोठ्या प्लेटा धरल्या तर एका मेगावॅटला साधारण १,८०० ते २,००० लागतात. प्लेटेमागे दोन लिटर पाणी धरले तर तीन मेगावॅटचा प्रकल्प एकदा धुण्यास दहा ते बारा हजार लिटर, म्हणजे एक टँकर पाणी लागेल. ज्या गावाला उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे हे पाणी कोठून येणार? पाण्यावाचून प्लेटा साफ करणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांचा आग्रह धरता येईल.

दुसरी शंका पाण्याच्या वाहण्याची. प्लेटांच्या कडेवरून पागोळीसारखे पाणी एका रेषेत पडते आणि उतारावर ओघळी पडतात. आपल्या डोंगरपायथ्याच्या जमिनीत ही माती खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पडेल. ह्यासाठी समपातळी चर व गवताचे पट्टे हवेत.

तिसरी शंका वाटेची. पाणंद रस्ता किंवा गाडीवाट कुंपणात गेली तर पलीकडच्या शेतकऱ्याला बी-खत नेण्यास एक मैलाचा वळसा पडतो. नकाशावर नसलेली पण वहिवाटीत असलेली वाट प्रत्यक्ष शिवारफेरी केल्याखेरीज कळत नाही.

खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्यांसाठी

पंचवीस वर्षांचा करार म्हणजे एका पिढीचा करार होय. आज चाळिशीत असलेला शेतकरी सही करील आणि जमीन मोकळी होईल तेव्हा तो पासष्ट वर्षांचा असेल. सबब करार मराठीत वाचून घ्यावा आणि पुढील बाबी पडताळून पाहाव्या.

३ टक्के वाढ मूळ दरावर सरळ आहे की चक्रवाढ, हे पाहावे. १,२५,००० रुपयांवर सरळ वाढ धरली तर पंचविसाव्या वर्षी भाडे हेक्टरी २,१५,००० होते; चक्रवाढ धरली तर सुमारे २,५४,००० होते. आणि महागाई वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेली, तर आज १०० रुपयांना मिळणारी वस्तू त्या वर्षी सव्वातीनशे रुपयांच्या आसपास जाईल. म्हणजे आज भरघोस वाटणारे भाडे पुढे तितके भरघोस राहणार नाही. हलक्या, मुरमाड कोरडवाहू रानाला हा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. ज्या काळ्या रानात आले किंवा ऊस निघतो, ते रान देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

सातबाऱ्यावर बहिणींची व सहहिस्सेदारांची नावे असतील, तर भाड्यातील त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यात थेट जमा व्हावा. जमीन कोणत्याही कर्जास तारण ठेवण्याचा अधिकार भाडेकरू कंपनीस नसावा. मुदत संपल्यावर प्लेटा, खांब व काँक्रीट काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, हे अक्षरांत लिहिलेले असावे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटांचा समावेश झाला आहे, हे ध्यानात ठेवावे. गावात फिरून सह्या गोळा करणाऱ्या दलालाला मुखत्यारपत्र तर कधीच देऊ नये.

ग्रामसेवकांनी व ग्रामसभेने काय करावे

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांसाठी राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामी लावता येत नाही. पुढे जोडलेल्या कलम २२-अ चा आशय असा की, सार्वजनिक प्रकल्पास गायरान द्यावयाचे तर अन्य योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसावी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गावाच्या सामाईक जमिनींचे रक्षण करण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत. तेव्हा गायरानाविषयी बोलणे म्हणजे शासनाला विरोध करणे नव्हे. शासनाच्याच कायद्याचे स्मरण देणे होय.

ग्रामसेवक बंधूंनी ठरावाचा मसुदा हाती घेण्यापूर्वी पुढील कामे करावी, असे सुचवावेसे वाटते.

१. शिवारफेरी. तलाठी, कृषी सहायक, पंच आणि गुरे वळणारी माणसे ह्यांना बरोबर घेऊन गायरान पायी फिरावे. कोण चारतो, कोण कसतो, सरपण कोण आणते, पाणवठा कोठे, वाट कोठे, ह्याची यादी करावी. यादीत स्त्रियांची नावे यावी, कारण शेळ्या व सरपण त्यांच्याकडेच असते.

२. पर्यायी जागेचा शोध. खडकाळ उतार, बंद पडलेल्या खाणी, तलावाच्या कडेची निरुपयोगी जमीन, कचेऱ्या व शाळांची छपरे ह्यांची नोंद करावी. गायरानाचा क्रम शेवटी लागावा.

३. दोन सभा. पहिल्या सभेत फक्त माहिती द्यावी. ठराव घेऊ नये. महिला सभेत व तांड्या-वस्त्यांवर हीच माहिती स्वतंत्रपणे सांगावी. दुसरी सभा पंधरा दिवसांनी घ्यावी. एका बैठकीत घाईने झालेला ठराव पुढे पंचवीस वर्षे भांडत राहतो.

४. अटींसह ठराव. संमती द्यावयाची असेल, तर ती अटींसह द्यावी. चराईसाठी ठरावीक क्षेत्र मोकळे राहावे. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातून प्रथम चारा निधी काढावा व त्यावर यादीतील कुटुंबांचा पहिला हक्क असावा. तीन वर्षांनंतरही प्रकल्पधारकाकडून त्यात दरवर्षी भर पडावी, अशी मागणी नोंदवावी. राखण, साफसफाई व गवत काढणे ही कामे त्याच कुटुंबांना मिळावी.

५. गवताचा हक्क. प्लेटांखाली व ओळींच्या मधल्या पट्ट्यांत पावसाळ्यात गवत वाढतेच, आणि ते कंपनीला कापावेच लागते. ते कापून नेण्याचा हक्क भूमिहीन महिलांच्या गटास लिहून द्यावा. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची शिस्त लावली, तेव्हा चारा कमी न होता वाढला, हे आपल्याच राज्यातील उदाहरण आहे. मारवेल, स्टायलो यांसारखी गवते लावल्यास तोच माळ अधिक चारा देऊ शकेल. परदेशांत अशा प्रकल्पांत मेंढ्या चारतात. शेळ्या मात्र आत सोडू नयेत; त्या प्लेटांवर चढतात व तारा चावतात.

६. प्लेटांखाली पीक. प्लेटा उंचावर बसवून खाली पीक घेण्याचे प्रयोग परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात झाले आहेत. कन्नडचे आले विरळ सावली मानवणारे पीक आहे. एखाद्या प्रकल्पात एक एकरावर आल्याचा प्रयोग करण्याची अट घालावी. खर्च अधिक येईल. परंतु यश आले तर एकाच जमिनीतून वीज आणि पीक दोन्ही निघतील.

ह्या सूचना नव्या नाहीत. बांधाच्या भांडणात आपण दोन्ही शेतकऱ्यांना समोरासमोर बसवितो, जुन्या खुणा पाहतो आणि मगच दोर धरतो. तोच न्याय येथे लावावयाचा आहे.

सूर्य सर्वांवर सारखा तापतो, पण त्याची वीज आपोआप सर्वांना सारखी मिळत नाही. ती वाटणी माणसांनी करावयाची असते. दिवसा पाणी भरता यावे म्हणून तळमळणारा शेतकरी आणि माळावर शेळ्या घेऊन उभी असलेली बाई ही एकाच गावची माणसे आहेत. पहिल्याला वीज देताना दुसरीचा माळ ‘पडीक’ म्हणून काढून घेतला, तर प्रकल्प उभा राहील पण गाव दुभंगेल. दोघांना एका सभेत बसवून, हिशेब उघडा मांडून ठराव झाला, तर कुंपणाच्या आत वीज आणि बाहेर चारा अशी व्यवस्था लावणे अशक्य नाही. ग्रामसेवक बंधूंनी ती शिवारफेरी उद्याच काढावी. गायरानात पाय ठेवल्यावर ते पडीक आहे की नाही, हे विचारण्याची गरज उरणार नाही.